कॅरिअरवरचा नंदी

नागपुरात सायकलच्या कॅरिअरला काहीही बांधायला घ्या, बघता बघता तीन-चार जण जमतात. मदतीला नाही, बघायला. त्यातला एक पानठेल्यावरून सावकाश उठून येतो, दोरीकडे बघतो, आपल्या तोंडाकडे बघतो आणि निकाल देतो, "नाही टिकत हे, भाऊ." सामान काय आहे, कुठवर न्यायचं आहे, यातलं त्याने काहीच विचारलेलं नसतं. निकाल आधी, चौकशी मागून, अशी आमच्या गावची पद्धतच आहे.

मला याची सवय आहे, कारण आमच्या घरची मालवाहतूक माझ्याकडे आहे. घरात स्कूटर आहे, पण ती बायको आणि मुलगी यांच्यात वाटली गेली. तिसऱ्या वाटेकऱ्याला त्यात जागा उरली नाही. माझ्याकडे वडिलांची काळी बावीस इंची सायकल आली. मधे दांडा, मागे डबल स्टँड, जाड सळयांचं कॅरिअर आणि त्यावर एक चाप. त्या कॅरिअरच्या जोरावर घरात माझी किंमत टिकून आहे. स्कूटरच्या डिकीत जे मावत नाही आणि ऑटोवाला ज्याला "याचे वेगळे पैसे लागतीन" म्हणतो, ते सगळं माझ्या पाठीमागून घरी येतं.

आधी त्या चापाबद्दल बोलून घेतो, म्हणजे मन मोकळं होईल. स्प्रिंगचा चाप हा वहीसाठी जन्माला आला आहे. वही, छत्री, घडी घातलेला पेपर. फार फार तर कोथिंबिरीची जुडी, पण ती घरी चटणी होऊनच पोचते. चपटी वस्तू तो दाबून धरतो. जाड वस्तू त्याच्या तोंडात दिली की तो वर उचलला जातो, तिरपा होतो, आणि त्याचा जोर खाली दाबण्याऐवजी मागे ढकलण्यात खर्च व्हायला लागतो. म्हणजे ज्याला सामान धरायला ठेवलं, तोच दर खड्ड्याला ते बोटभर बाहेर सरकवत असतो. अशी माणसं ऑफिसातही असतात, पण तो विषय वेगळा.

दुसरा प्रश्न वजनाचा. मुलीच्या जुन्या गिअरवाल्या सायकलच्या कॅरिअरवर "२५ किलो" असा शिक्का आहे. सायकलच्या कॅरिअरांसाठी आयएसओ ११२४३ नावाचं चक्क एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. जगात कुठेतरी गंभीर चेहऱ्याच्या माणसांनी बैठका घेऊन कॅरिअर किती झेपवेल, ते कसं तपासायचं आणि तो आकडा त्यावर कसा लिहायचा हे ठरवलं आहे. माझ्या कॅरिअरवर काहीही लिहिलेलं नाही. त्यावर लहानपणी मी बसलो, मग बहीण बसली, मग आम्ही दोघं आणि मधे दळण, असंही वडिलांनी नेलं आहे. आमच्या गल्लीत सिलिंडर आणणारा पोरगा तर मानकाच्या पलीकडे पोचलेला योगी आहे. घरगुती टाकीत नुसता गॅसच १४.२ किलो, रिकाम्या टाकीचं वजन साधारण तेवढंच. एकाच टाकीत २५ चा शिक्का पार झाला. हा दोन नेतो, एकेक दोन्ही अंगांना, कॅरिअरला अडकवलेल्या लोखंडी हुकांवर, आणि वर एका हाताने मोबाइलवर बोलतो.

पण त्याचं नीट बघितलं तर त्यात अक्कल आहे. दोन्ही बाजूंना सारखं वजन, आणि तेही खाली, चाकाच्या आसाच्या आसपास. दूधवाल्यांच्या कॅनचंही तसंच. वजन खाली असलं की सायकल निमूट चालते. तेच वजन कॅरिअरच्या वर उंच रचलं की प्रत्येक वळणावर ते आपलं स्वतंत्र मत मांडायला लागतं. आपण डावीकडे झुकतो, ते थोडं उशिरा झुकतं, आणि मग आपण सरळ झालो तरी त्याचं झुकणं संपलेलं नसतं. आणि आसाच्या मागे भार गेला की पुढचं चाक हलकं होतं. लोहापुलाखालून कॉटन मार्केटची भाजी घेऊन बर्डीकडे चढताना हँडल हातात नुसतं लोंबल्यासारखं लागतं, तेव्हा समजायचं की कांदे फार मागे बांधले आहेत.

रोजच्या ओझ्यांमध्ये मानाचं ओझं म्हणजे दळण. आमच्याकडे पंधरा किलो तेलाचा चौकोनी पिपा आहे, तोच दळणाला. गोल डब्यापेक्षा चौकोनी केव्हाही बरा; गोल डबा दोरीच्या आतल्या आत फिरतो आणि फिरता फिरता दोरी ढिली करतो. जाताना गहू, येताना कणीक, वजन तेच. अडचण येतानाची आहे. चक्कीतून निघालेलं पीठ चांगलंच गरम असतं. चक्कीवाला बजावतो, "झाकण लावू नका काकाजी, घाम सुटते, गठोळ्या होतेत." आणि झाकण न लावता पिपा बांधला तर तुकडोजी पुतळ्याच्या गोल वळणावर मागचा स्कूटरवाला पांढरा होतो. मग पिप्याच्या तोंडावर जुन्या धोतराचा तुकडा, त्यावर रबर, आणि तो सगळा तापलेला प्रकार माझ्या पाठीपासून चार बोटांवर. मे महिन्यात, डोक्यावर पंचेचाळीस अंश, तोंडाला दुपट्टा, पाठीला गरम पिपा. घरी पोचल्यावर बायको पहिल्यांदा पिठाला हात लावून बघते. "गरम आहे अजून," असं म्हणते, आणि ते पिठाबद्दलच असतं.

आता दोरी. सिग्नलला थांबलो की मी लोकांच्या गाड्या बघत नाही, त्यांनी सामान कशानं बांधलं आहे ते बघतो. त्यातून काही मतं तयार झाली आहेत.

सुतळी स्वस्त आणि प्रामाणिक. खरखरीत असल्यामुळे गाठ धरून ठेवते. पण पावसात भिजली की फुगते आणि गाठ अशी आवळते की ती आता वंशपरंपरेने पुढच्या पिढीकडे जाणार. नायलॉनची दोरी दिसायला देखणी, निळी-हिरवी, ताकदीला सुतळीच्या कितीतरी पुढे, पण अंगाने गुळगुळीत. तिला साधी गाठ मारून मेडिकल चौकापर्यंत जा, गाठ तिथून परत गेलेली असते. जुन्या ओढण्या आणि साड्यांच्या पट्ट्या हा घरोघरचा आवडता पर्याय. बांधायला मऊ, पण टोक लांब सुटतं. सुटलेल्या टोकाची मला खरोखर भीती वाटते. ते वाऱ्यावर उडत चाकाकडे बघत असतं. एकदा आऱ्यांनी किंवा चेननं ते उचललं की चाक ते गुंडाळत गुंडाळत जागच्या जागी जाम होतं, आणि सायकल थांबते तरी आपण थांबत नाही. म्हणून काहीही बांधा, उरलेलं टोक आत खोचून टाकायचं. यावर मी मुलीला इतकी व्याख्यानं दिली आहेत की ती आता वाढदिवसाच्या केकच्या डब्याची फीतही आत खोचते.

तिनेच मला हुकवाली लवचीक दोरी आणून दिली, बंजी म्हणतात ती. दोन्ही टोकांना तारेचे हुक, वर रंगीत विणकाम. वस्तू छान आहे, पण तिच्याशी बोलताना तोंड बाजूला ठेवावं. ताणून धरलेली असताना हुक निसटला तर तो सरळ ओढणाऱ्याकडेच येतो, आणि ओढणारा तर हुक कुठे अडकवायचा हे वाकून बघत असतो. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या मासिकांमध्ये अशा जखमांवर लेख लिहिले गेले आहेत. तेव्हापासून मी बंजी लावताना मान वळवतो. बघणाऱ्याला वाटतं, हा कोणावर तरी रुसला आहे.

माझी खरी निष्ठा ट्यूबवर आहे. पंक्चरवाल्याकडे निकामी ट्यूबांचा ढीग असतो. एक मागायची, ती म्हातारा लांबीच्या बाजूने फाडून देतो, दोन बोटं रुंदीची पट्टी. फुकट. देताना तो "किती पाहिजे तेवढ्या न्या न" म्हणतो आणि एकच देतो. ही काळी पट्टी दिसायला अगदी गरीब, पण तिचं तर्कशास्त्र बघा. सामान पहिल्या पाच मिनिटांत बसतं. पोतं दबतं, पुठ्ठा चेपतो, कांदे एकमेकांत जागा करून घेतात. सामान अर्धा सूत खाली बसलं की न ताणणारी दोरी ढिली पडते, आणि एकदा ढिली पडली की पुढचं काम खड्डे करतात. ताणलेलं रबर मात्र सामानाच्या मागे मागे आत येतं, पकड सोडत नाही. शिवाय रबर सळईवर घसरत नाही. एकट्या रबरावर उंच सामान झोके घेतं, हा त्याचा दोष; म्हणून बुडाशी दोरी आणि वरून ट्यूब, अशी माझी युती आहे. आणि नागपूरच्या उन्हात पट्टीला चिरा पडतात, तेव्हा दर उन्हाळ्यानंतर म्हाताऱ्याकडे जाऊन पुन्हा "किती पाहिजे तेवढ्या" मधली एक आणायची.

दोरीची खरी विद्या इतवारीतल्या हमालांकडे आहे. दोरी सामानावरून घेतात, मधेच तिचा एक फासा करतात, टोक खालच्या सळईतून फिरवून त्या फाशातून काढतात आणि खाली ओढतात. कप्पीसारखं काम होतं. ओढणाऱ्याच्या जोरापेक्षा जास्त ताण दोरीत उतरतो. मग त्या टोकाची सुरगाठ, एका झटक्यात सुटणारी. हे सगळं विडी न विझू देता. मी शिकलो, पण मला ते विडीशिवायच जमतं.

कूलरच्या बाजूंना लावायच्या ताट्यांबद्दल एवढंच सांगतो की वजन नाही म्हणून बांधायला नको, असं म्हणणाऱ्याने एप्रिलच्या लूमध्ये, म्हणजे गरम वाऱ्यात, तीन ताट्या घेऊन अजनीचा पूल ओलांडून दाखवावा. त्या ताट्या नसतात, ते शीड असतं. मला जायचं होतं मेडिकलकडे. हवेचं म्हणणं पडलं, वर्धा रोड.

तर नंदीची गोष्ट. बाहेरगावच्यांसाठी सांगायला हवं: विदर्भात श्रावण अमावस्येला बैलांचा पोळा, आणि दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला. खरा बैल लेकरांच्या हाती कसा देणार, म्हणून लाकडाचा. पाटावर उभा, पाटाला चार चाकं, गळ्यात दोरी. पोरं धोतर-फेटे घालून तो ओढत दारोदार जातात आणि घरोघरचे लोक त्यांना बोजारा देतात, म्हणजे पैसे, खाऊ, जे असेल ते. बहिणीची मुलगी यंदा सहा वर्षांची. मागच्या वर्षीच्या वीतभर नंदीवर तिने जाहीर बहिष्कार घातला होता. तिला "मैत्रिणीच्यापेक्षा मोठ्ठा" पाहिजे होता. बहिणीने मला फोन केला, कारण मोठ्ठा म्हणजे कॅरिअर.

नंदींचा बाजार भरतो तो महाल या जुन्या वस्तीत, पण तान्ह्या पोळ्याच्या दिवशी महालात जाण्यात अर्थ नसतो. काळी आणि पिवळी मारबत निघते (इडापिडा घालवायचे बायकांचे मोठाले पुतळे), बडगे निघतात (तसेच पुरुषांचे), "घेऊन जा गे मारबत" च्या आरोळ्यांनी रस्ते तुंबतात. म्हणून पोळ्याच्या दिवशीच दुपारी निघालो. निघताना बायको म्हणाली, "ऑटो करा न. बैल आहे तो." मी तिला केरळातल्या थुंब्याच्या रॉकेट केंद्राचा तो प्रसिद्ध फोटो आठवून दिला. साठच्या दशकात आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने काढलेला. सायकलच्या कॅरिअरवर रॉकेटचं नाकाड, आणि ते नेणारे आपले इंजिनिअर. "देशाचं अंतराळ संशोधन कॅरिअरवरून सुरू झालं," मी म्हणालो. तिने मोबाइलवर तो फोटो शोधून काढला, मोठा करून बघितला आणि म्हणाली, "यात एक माणूस मागून धरून आहे. तुमच्या मागं कोण आहे?"

महालात फुटपाथभर नंदी मांडलेले. मी निवडला तो पाटापासून शिंगांच्या टोकापर्यंत चांगला दोन फूट. पांढरा रंग इतका ताजा की पाठीला बोट लावलं तर चिकटलं. डोळे काढणाऱ्याने डावा डोळा जरा वर काढला होता, त्यामुळे नंदी सतत आपल्या खांद्यावरून मागे कोणीतरी उभं आहे असं बघायचा. विकणारा म्हणाला, "सागाचा आहे." मी उचलून पाहिला. साग असो-नसो, वजन होतं.

कॅरिअरवर ठेवला आणि तो चालायला लागला.

हे मी आधी लक्षात घेतलेलं होतं, कारण चाकं असलेलं सामान चाकं असलेल्या वाहनावर ठेवलं की कोण कोणाला नेतंय हे आधी ठरवावं लागतं. पण जमलेल्या मंडळींना तो चमत्कार वाटला. एकाने बैलाला "हो हो हो" करून थांबवला. पानठेल्यावरचा माणूस आला, दोरीकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. "नाही टिकत हे, भाऊ."

"आडवा करा," दुसरा म्हणाला.

विकणारा उखडला. "पोळ्याच्या दिवशी नंदीले आडवा पाडते काय बे? काही समजते का तुले?"

म्हणजे उभाच न्यायचा. तोंड कुठे, हा पुढचा वाद. पुढे केलं तर मी ब्रेक मारला की शिंगं माझ्या पाठीत. आडवं केलं तर शिंगं आणि शेपूट मिळून दोन्ही बाजूंच्या स्कूटरवाल्यांशी संबंध बिघडवणार. मी मागे केलं. मागून येणारे शिंगं बघून आपोआप अंतर ठेवतात. इंडिकेटरने जे नागपुरात कधी साधलं नाही, ते याने साधतं.

चाकांचा बंदोबस्त मी असा केला. घरून तांदळाचं रिकामं पोतं नेलं होतं. त्याची जाड घडी कॅरिअरवर ठेवली आणि पाट त्या घडीवर टेकवला. पाट कॅरिअरपेक्षा रुंद होता, त्यामुळे चारही चाकं बाहेरच्या बाजूंना अधांतरी लोंबली. आता त्यांनी हवं तेवढं फिरावं. पोत्यामुळे लाकूड सळईवर घसरत नाही, हा वरचा फायदा.

मग मी सुतळीची दोरी पाटावरून, पुढच्या पायांच्या मधून काढली, तर एक काकाजी पुढे आले. हातात भाजीची पिशवी, खिशात दोन पेनं, निवृत्त शिक्षक असावेत. "अहो, बैल कुठं बांधतेत? गळ्याले!"

मी सांगितलं की वर बांधलं तर वरचा भाग ओढला जातो आणि बूड निसटतं. आधी बूड जखडायचं, मग वरचं डोलणं थांबवायचं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि मग मला व्हिएतनाम सांगायला घेतलं. "१९५४ साली, डिएन बिएन फूच्या लढाईत, फ्रेंचांच्या विरोधात, त्यांनी सायकलींवर तोफगोळे आणि तांदूळ नेला. एकेका सायकलवर दोन-दोनशे किलो! हँडलला बांबू बांधायचे. डोंगरातून!"

"पण काकाजी, ते चालत न्यायचे, सायकल ढकलत."

"तेच तर म्हणतो न मी. तुम्ही बसून नेऊन राहिले."

याला उत्तर नव्हतं. मी बुडाशी दोरी हमाली पद्धतीने ताणली, सुरगाठ दिली, टोक आत खोचलं. वरून ट्यूबची पट्टी पोटाखालून फुलीसारखी घेतली. मग नंदीला धरून सायकल हलवून बघितली. हीच खरी परीक्षा: सामान हलवून बघायचं नाही, सामानाला धरून सायकल हलवायची. नंदी आणि सायकल एकजीव हलले, तर चालतं. हलले. मी पैसे द्यायला वळलो, आणि तेवढ्यात त्या गर्दीतल्या कोण्या पुण्यात्म्याने माझ्या सुरगाठीवर, निव्वळ प्रेमापोटी, मजबुतीसाठी दोन निरगाठी मारून ठेवल्या. "आता जा म्हणा भाऊ, अमरावतीलेही जाल."

आता बसायचं. मागे दोन फूट नंदी असताना मागून टांग टाकता येत नाही. पुढून, दांड्यावरून, गुडघा छातीला लावून पाय पलीकडे न्यावा लागतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने हे भर बाजारात केलं की त्याला योगासनांचा दर्जा मिळत नाही. एका बाईने आपल्या पोराचे डोळे नंदीकडे वळवले.

केळीबाग रोडवरून निघालो. पहिल्या चौकात थांबून पट्टी पुन्हा आवळली. हे मी नेहमी करतो, कारण पोतं दबलेलं असतं. लोकांना वाटलं, सुटला. दोघं "सांगितलं होतं" च्या चेहऱ्याने जवळ आले आणि काहीच पडलं नाही म्हणून नाराज होऊन गेले.

रेशीमबागेच्या सिग्नलला मजा. मागून माझ्या खांद्यावरून कोणीतरी बघतंय असं वाटलं म्हणून वळलो, तर स्कूटरवरच्या एका आजींनी नंदीच्या कपाळाला हात लावून तो आपल्या कपाळाला लावला होता. शेजारच्या मोटरसायकलवाल्याने हेल्मेटसकट नमस्कार केला. मला कळेना मी काय करावं; मी मान लववली. पोळ्याचा दिवस, देव मागे बसलेला, आणि हँडल माझ्या हातात. सिग्नल सुटल्यावर एकाही माणसाने हॉर्न वाजवला नाही. नागपुरात. सिग्नल सुटल्यावर.

पुढे सिमेंट रोडच्या कडेला ब्लॉक बसवलेत, तिथली पायरी चढताना मी सीटवरून उठलो, म्हणजे निदान माझं तरी वजन मागच्या चाकावर आदळू नये. ब्रेक आधीपासून, हळूहळू. सामान असताना थांबायला नेहमीपेक्षा जास्त रस्ता लागतो आणि नागपूरकर तेवढा रस्ता रिकामा ठेवत नाहीत. तुकडोजी पुतळ्यापाशी पाऊस आला. पिरपिर, पण बहिणीच्या फाटकापर्यंत सोडली नाही. रंगाचे दोन पांढरे ओघळ मडगार्डवर आले. नंदी जागच्या जागी. एक सूत हलला नाही.

हलला नाही हेच नडलं. सुतळी भिजून फुगली होती, आणि त्या दोन निरगाठी आता गाठी राहिल्या नव्हत्या, लाकडाचाच एक अवयव झाल्या होत्या. मी नखं लावली. भाटव्याने, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याने, स्क्रू-ड्रायव्हर आणला. शेजारचे आले. "मीठ लावा." "दातानं ओढा." "कोणी बांधलं हे? नाही सुटत हे, भाऊ." बहीण विळी घेऊन आली, तर आतून आई ओरडली, "पोळ्याच्या दिवशी बैलाचं दावं कापते काय, बाई? ठेव ती विळी!" आईचा हा नियम मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, पण तिने तो इतक्या खात्रीने सांगितला की भाटव्यानेही विळी आत नेऊन ठेवली. ठरलं की सुतळी रात्रभर वाळू द्यायची, सकाळी बघू.

सकाळी भाची उठून अंगणात गेली. सायकल स्टँडवर, नंदी वर, शिंगं थेट तिच्या फेट्याच्या वर वीतभर. गल्लीतल्या सगळ्यांचे नंदी जमिनीवर. तिने एकदा वर बघितलं, एकदा फाटकाबाहेर मैत्रिणीच्या नंदीकडे बघितलं, आणि सुतळीला कोणी हात लावायचा नाही असं जाहीर केलं.

मग काय. तिने पट्टीच्या खालून नंदीच्या गळ्यात आपली लाल दोरी बांधली (काकाजींचा आत्मा शांत झाला असेल) आणि दोरीचं टोक धरून पुढे चालायला लागली. मागून सायकल ढकलत मी. व्हिएतनामी पद्धतीने. पोरांच्या रांगेत चाकांचा खडखडाट, आणि त्यात माझ्या फ्रीव्हीलची टकटक. पहिल्याच घरच्या काकूंनी नंदीला ओवाळायला ताट वर उचललं, मग अजून वर उचललं, मग खुर्ची मागवली. बोजारा दुप्पट दिला. "एवढा मोठा नंदी, दहा रुपयात कसा भागेल?" बातमी पुढे पळाली. पुढच्या घरी आम्ही पोचायच्या आत खुर्ची दारात तयार. मैत्रिणीचा नंदी आमच्या मागच्या चाकामागून येत होता आणि मैत्रीण कोणाशी बोलत नव्हती.

दुपारी ओट्यावर बसून भाचीने नाणी-नोटांचे ढीग लावले. एक ढीग गुल्लकचा, एक चॉकलेटचा. मग मला हाक मारून दहाची नोट हातात ठेवली.

"मामा, हे तुझे."

"कशाचे?"

"सायकलचे. आजी म्हणते उद्याही फिरता येते, पाव्हण्यांकडे. तू चाकात हवा भरून ठेव."

मी नोट खिशात टाकली आणि घरी फोन लावला, की कणीक संपली असेल तर उद्याचं दळण स्कूटरवर न्या. झाकण लावू नका म्हणावं.